तळ्यात टाचण्या आहेत

मामा गेल्यावर लोक भेटायला आले आणि जो तो एकच बोलत होता, निसर्गप्रेमी माणूस होता हो. मामी आतल्या खोलीत बसून ऐकत होती. एकाने तर सांगितलं, त्यांना पाण्याची फार ओढ होती. बावीस वर्षं तळ्यातून लोकांची घाण ओढून काढली, ती ओढ म्हणायची असेल तर होती. मामाने हे ऐकलं असतं तर एकच शब्द बोलला असता.

शी.

कामावर त्याला नावाने कुणी हाक मारायचं नाही. शीसाहेब म्हणायचे. दिवसातून शंभर वेळा तोंडातून तेच निघायचं म्हणून. काम काय, तर तळ्यातली जलपर्णी काढायची. होडीत उभं राहायचं, लांब काठीला लोखंडी आकडा, तो टाकायचा, हिरवा गोळा ओढायचा आणि काठावर फेकायचा. पण नुसती जलपर्णी कधी आली तर शपथ. तिच्यात बाळांचे कागदी लंगोट यायचे, फुगून उशीएवढे झालेले. मेलेले मासे यायचे, डोळे नसलेले. केस कापायच्या दुकानातले केसांचे गुंतवळ यायचे, ते आकड्याला असे काही बसायचे की हातानेच सोडवायला लागायचे. एकदा गादी आली. एकदा कुणाची तरी दातांची कवळी आली, तर बरोबरचे तिघं दिवसभर ती एकमेकांच्या डब्यावर ठेवून हसत बसले. मामा त्या दिवशी जेवला नाही.

घाणीत काम करणारा माणूस घाणीला सरावतो असं म्हणतात. जे म्हणतात त्यांनी कधी केलेलं नसतं. मामा बावीस वर्षांत एक दिवस सरावला नाही. घरी आला की दारातच कपडे, मग न्हाणीघर, कोपरापर्यंत साबण, तीनदा. जेवण चमच्याने. न्हाणीघरात एक मोठा निळा टब होता, त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मामी म्हणायची, "ह्यांनी लग्नाला माझं तोंड बघितलंच नाही, नखं बघितली नखं." भाचरांना जवळ घ्यायचा नाही, डोक्यावर दोन बोटं टेकवायचा फक्त, तीही धुऊन आल्यावर. पण टेकवायचा. दुसऱ्यांचे मामा कुशीत घेऊन फिरायचे त्यापेक्षा ती दोन बोटं बरी होती, हे आता कळतंय, आता काय उपयोग.

तर अशा माणसाला ह्या जगात एक गोष्ट अशी सापडली की जिला तो शी म्हणाला नाही.

तळ्याच्या तीन बाजूंना दगड लावलेले आहेत, लोक फिरतात तिथे. चौथी बाजू, पश्चिमेचा कोपरा, तो तसाच राहिला होता. लव्हाळी, गुडघाभर चिखल, पाणी उथळ. मामाची होडी तिथे दुपारी सावलीला लागायची. एकदा आकड्याच्या दांड्यावर काहीतरी येऊन बसलं. काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक, पाठ हिरवी, आणि शेपटीच्या टोकाजवळ एवढासा निळा ठिपका, पेटवल्यासारखा. मामाने तोंड उघडलं म्हणायला, आणि निघेना. पुढच्या दोन पायांनी ती डोळे पुसत होती. एक डोळा, मग दुसरा, मग परत पहिला. पंख पाठीवर नीट मिटून, घडी घालून ठेवल्यासारखे. ह्या गटारात राहून इतकं स्वच्छ राहायचं म्हणजे चेष्टा आहे का. मामाने त्या दिवशी घरी येऊन हे सांगितलं तर मामी म्हणाली, "बाई गं, सवत मिळाली मला."

मग दोन वर्षांनी बाई आल्या. कॉलेजात कीटक शिकवायच्या, हातात जाळी, पायात मोठे बूट. आल्या आल्या त्याच कोपऱ्यात कमरेपर्यंत रुतल्या. मामाने आकडा पुढे केला, ओढून काढलं आणि म्हणाला, "शी." बाई चिखलात बसल्या बसल्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "दादा, मला म्हणालात की चिखलाला?"

"दोघांना," मामा म्हणाला.

तिथून जमलं त्यांचं. बाईंनीच त्याला नाव सांगितलं. टाचणी.

"कागदाला लावतात ती?"

"तशीच दिसते ना बारीक, म्हणून. चतुर असतो तो बसताना पंख पसरून बसतो, आणि ही मिटून बसते. एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं शास्त्र आलं तुम्हाला."

बाईंनी त्याला मोजायला शिकवलं. दर मंगळवारी अकराला, ऊन असताना, काठाने पन्नास पावलं चालायचं आणि दिसतील तेवढ्या मोजायच्या, परत येताना मोजायच्या नाहीत. वहीत रकाने आखून दिले, तारीख, ऊन की ढग, टाचण्या किती. मामा चौथीपर्यंत शिकलेला. पण ती वही बघा कधी, एक आकडा गिरवलेला नाही, एक डाग नाही. लिहायच्या आधी हात धुवायचा, त्यासाठी होडीत वेगळी बाटली ठेवली होती. एकही मंगळवार चुकला नाही. तापात गेला. स्वतःच्या मेहुणीच्या लग्नातून उठून गेला, त्यावरून सासरचे वर्षभर बोलले नाहीत, मामा म्हणाला बरं झालं.

बाईंची बदली झाली लांबच्या गावी. जाताना सांगून गेल्या की दादा, मोजणं सोडू नका.

आणि मग मुकादम एक दिवस चहा पिताना सहज बोलून गेला. "काय शीसाहेब, तुमचा कोपरा पण घेणार म्हणतात. गवत काढून दगड लावायचे, लोकांना गोल फिरता यायला पाहिजे."

"कधी?"

"दोन वर्षं, चार वर्षं, कुणाला माहीत. ऑफिसात बोलत होते."

मामाचा चहा तसाच राहिला. दगड लावले की लव्हाळी गेली, लव्हाळी गेली की झालं. घरी येऊन त्याने अर्ज लिहायला घेतला. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, ते असं, मामीकडे त्याची नक्कल अजून आहे. पश्चिमेच्या कोपऱ्यात टाचण्या फार मोठ्या संख्येने आहेत. मागच्या महिन्यात चार मंगळवार मिळून मी स्वतः चारशे बारा मोजल्या. तरी साहेबांनी ह्या कोपऱ्याकडे लवकरात लवकर लक्ष द्यावे ही नम्र विनंती.

मामी वाचून म्हणाली, "अहो, टाचणी म्हणजे किडा असं लिहा की."

"ते शिकलेले आहेत. त्यांना कळतं."

इथेच चुकला मामा. सहा वर्षं बाईंच्या तोंडून तोच शब्द ऐकून तो विसरूनच गेला होता की टाचणीला दुसरा अर्थ आहे. आणि शिकलेल्या माणसावर विश्वास ठेवला, ही दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा मोठी.

पाण्याच्या नळासाठी अर्ज केला तर वर्षभर उत्तर येत नाही. ह्याला आठ दिवसांत आलं. मामा कामावर गेला तर कोपऱ्यात पाटी. लाल अक्षरं. धोका. तळ्यात टाचण्या आहेत. पाण्यात उतरू नये. आणि लोकांची ही गर्दी. सगळे वाकून वाकून पाण्यात बघत होते, कुणी म्हणे कारखान्यातून टाकल्या, कुणी म्हणे करणीचा प्रकार आहे. एक बाई पोराला बखोटीला धरून सांगत होती की त्या रक्तातून काळजात जातात. आणि तेवढ्या गर्दीसमोर टाचण्या, खऱ्या, त्या पाटीच्या काठावर रांगेने बसल्या होत्या, पंख मिटून. एकाने बघितलं नाही.

ऑफिसातले साहेब आले. पांढरे बूट, नाकाला रुमाल. बरोबर दोरीला बांधलेलं मोठं लोहचुंबक. मुकादमाने ते मामाच्याच हातात दिलं, कारण होडी मामाची. मामाने ओढलं, त्यात बाटल्यांची बुचं आली, गंजलेली ब्लेड आली, एक किल्ली आली, आणि केसात लावायची एक पिन आली. साहेबांचा चेहरा उजळला. "ही बघा," म्हणाले, "सुरुवात झाली."

मामा म्हणाला, "साहेब, चूक होतेय. टाचणी म्हणजे किडा."

"म्हणजे टाचण्या नाहीत?"

"आहेत ना."

"किती?"

"चारशे बारा."

"मग चूक काय?"

"पण त्या टोचत नाहीत."

"टोचत नाही ती टाचणी कसली हो?" साहेब मुकादमाकडे बघून हसले. मुकादम हसला, त्याला हसायचाच पगार होता.

मामाने हात धरून, आधी स्वतःचा हात धुऊन हां, साहेबांना पाटीपाशी नेलं आणि दाखवलं. ही बघा, निळा ठिपका. ही टाचणी. साहेबांनी रुमालामागून बघितलं. म्हणाले, "हा डास आहे."

"डास खाते साहेब ती."

"मुकादम, लिहून घ्या, डासही आहेत."

ध चा मा करायला निदान कुणीतरी अक्षर बदलावं लागतं. इथे कुणी काही बदललं नाही. शब्द होता तसाच राहिला आणि तरी घात झाला. मामा तिथे उभा होता आणि त्याला स्वतःचीच किळस आली, असं त्याने मामीला सांगितलं. म्हणाला, हात दाखवून अवलक्षण केलं मी. चार वर्षांनी होणार होतं ते मी आठ दिवसांवर आणलं.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात गेला, वही घेऊन. साहेबांना दोन पानांत कळलं. कळलं, हे विशेष. म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण फाइल वर गेली. आता वरच्यांना काय सांगू, किडा होता म्हणून? माझं हसं होईल."

"मग?"

"मग काय, सोमवारी मशीन येतंय. कोपरा साफ करून दगड लावतील. तुमचंही काम हलकं होईल, तुम्हालाच सोपं."

मूर्ख माणसाला क्षमा असते. ह्याला कळलं होतं. मामाने बाहेर येऊन ऑफिसच्या नळावर हात धुतले, कशाला ते त्याचं त्याला माहीत.

बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या मी पत्र लिहिते, त्यांनी लिहिलंही, ते अजून कुठल्यातरी टेबलावर असेल. पण बाईंनी एक कामाचं सांगितलं. टाचणी अंडी घालते ती देठात खुपसून, पाण्याखालच्या. पिल्लं असतात ती मुळांत, गाळात. "दादा, लव्हाळी मुळासकट, गाळासकट उपटून दुसऱ्या पाण्यात लावता आली तर काही वाचतील. पाणी संथ वाहतं असलं की झालं. ही जात घाण पाण्यातही तग धरते."

"इथे दुसरं पाणी कुठलं, बाई?"

"जवळ काहीच नाही?"

होतं. पंपघराच्या मागे एक चर आहे. अर्ध्या वस्तीचं न्हाणीघराचं आणि त्याहून वाईट पाणी त्यातून जातं. काळं, वर साय धरलेली, मधूनच बुडबुडा येतो आणि फुटतो आणि तो फुटला की माणसाला आतडं उलटं होतं. मामा बावीस वर्षं कामाला जाताना लांबून जायचा, दहा मिनिटं जास्त चालायचा, पण त्या चराचा वारा नको म्हणून. मुकादमाला सुट्टीचा राग आला की तो म्हणायचा, शीसाहेब, चरावर ड्यूटी लावू का. मग मामा सुट्टीचं नाव काढायचा नाही.

सोमवारी सकाळी मशीनवाला आला. तरुण माणूस, कानात कापूस. मामा कोपऱ्यात गुडघाभर चिखलात उभा, हातात खुरपं, बाजूला घरचा निळा टब. मशीनवाल्याने विचारलं, "काका, काय करताय?"

मामाने सांगितलं. सगळं सांगितलं. मशीनवाल्याने ऐकून घेतलं, एक टाचणी जवळून बघितली आणि म्हणाला, "माझ्या आजोळी ह्यांना आम्ही सुया म्हणायचो." मग मशीनकडे बघून म्हणाला, "हे काय, तेल गळतंय वाटतं. दुपारपर्यंत काही चालू होत नाही हे."

तेल बिल काही गळत नव्हतं. ह्या सगळ्या गोष्टीत एक माणूस बरा निघाला तो असा.

मामी दुसरं भांडं घेऊन आली. मामा उपटायचा, गाळासकट टबात ठेवायचा, ओला कपडा टाकायचा, आणि मग दोघं दोन बाजूंनी टब धरून पंपघरामागे. पहिल्या खेपेला मामा चराच्या काठाशी थांबला. मामी सांगते, त्यांचा रंग गेला होता, ओकारी आली, बाजूला जाऊन ओकले, तोंड पुसलं, आणि उतरले. कमरेपर्यंत. वरच्या अंगाला पाणी जरा संथ होतं, थोडं गवत होतं, तिथे एकेक जुडी खाली वाकून, हाताने, तळात दाबायची. वाकलं की हनुवटी त्या सायीला लागायची. पायाखाली काय काय लागत होतं ते सांगायची सोय नाही. चाळीस जुड्या लावल्या त्याने. अकरा वेळा ओकला, हे पण मामीने मोजलं, म्हणाली मोजायची सवय ह्यांचीच लागली.

एकदाही तोंडातून शी आलं नाही. तोंड उघडायची सोय नव्हती, मामी म्हणते.

दुपारी मशीन सुरू झालं. दोन तासांत कोपरा गेला. काळा लगदा काठावर पसरला, त्यात बोटाच्या पेराएवढी पिल्लं वळवळत होती, तीन पानांची शेपटी, उन्हात, आणि कावळे आले. फिरायला आलेले लोक नाक धरून म्हणाले, किती घाण साठली होती बघा, बरं झालं साफ केली.

दगड लागल्यावर साहेबांनी मामाला बोलावलं. कागद होता. सदर तळे टाचणीमुक्त झाले असून तक्रारदाराचे समाधान झाले आहे. खाली तक्रारदाराची सही पाहिजे होती. सगळ्यांना वाटलं मामा फाडणार. मामाने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला मंगळवारी देतो. मंगळवारी अकराला तो गेला, ऊन होतं, दगडावरून पन्नास पावलं चालला. वहीत लिहिलं, शून्य. मग साहेबांकडे जाऊन 'समाधान' एवढाच शब्द खोडला आणि सही केली. साहेब म्हणाले, "हे काय खोडलंत?"

"बाकीचं खरं आहे," मामा म्हणाला. "तुमच्या तळ्यात आता काही नाही."

चरात त्याच्या डाव्या पायाला काच लागली होती. मामाला साखरेचा आजार, जखमेचं त्याने कुणाला सांगितलं नाही, रोज तीनदा साबणाने धुवायचा आणि वाटायचं भागलं. दर मंगळवारी चरावर जायचा. शून्य. शून्य. शून्य. पाचव्या मंगळवारी पाय बुटात जाईना. दवाखान्यात दोन बोटं काढली, मग आणखी वर गेलं. डॉक्टर म्हणाले इतक्या घाणेरड्या पाण्यात उतरायचं कारण काय. कारण सांगितलं तर त्यांनी मामाकडे असं बघितलं, जाऊ द्या.

मामा अंथरुणाला खिळला तेव्हा मंगळवार मामीकडे आला. नाकाला फडकं बांधून गेली, आली, म्हणाली, "दिसल्या."

मामा उठून बसायला लागला. "पंख मिटलेले की पसरलेले?"

मामीला आठवेना. कधी बघितलं होतं तिने लक्ष देऊन.

"मग जा परत."

"अहो, आत्ताच आले मी त्या नरकातून."

"अगं पण चतुर असला तर?"

मामी गेली परत. शिव्या देत गेली. अर्ध्या तासाने आली, दारातच सांगितलं, "मिटलेले. निळा ठिपका आहे. सात."

"सातच?" मामा म्हणाला. "चाळीस जुड्या लावल्या मी. शी." पण वही मागून घेतली, हात धुवायला पाणी मागितलं, आणि स्वतः लिहिलं. सात. तो आकडा जरा वाकडा आलाय.

पुढचा मंगळवार त्याने बघितला, तेरा. त्याच्या पुढचा नाही बघितला.

शुद्धीत होता तोवर मामीला एकच सांगत राहिला. मोज, पण कुणाला लिहून कळवू नकोस. बाईंना सांग तोंडाने, बाकी कुणाला नाही. अर्ज करायचा नाही, कितीही वाटलं तरी करायचा नाही.

भेटायला आलेल्यांत साहेबही होते. खुर्चीवर बसले, रुमालाशी चाळा करत होते. म्हणाले, त्यांच्या नावाने त्या कोपऱ्यात बाक ठेवू या, दगडाचा, छान. मामीने चहा टाकला. मग चहा होईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "तुम्ही दर मंगळवारी पंपघराच्या मागे जाता म्हणे. मुकादम सांगत होता. तिथे काय आहे?"

मामीने कप पुढे सरकवला.

"काही नाही हो साहेब," म्हणाली. "नुसती घाण आहे. तुम्ही नका जाऊ."